पंपाला नळकांड्याची जोड

दम्याचा पंप जन्माला आला तो एका मुलीच्या प्रश्नातून. अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे जॉर्ज मेसन यांना त्यांच्या दमेकरी मुलीने १९५५ साली विचारले, केसांवर मारतात तसा माझ्या औषधाचा फवारा का नाही? पुढच्याच वर्षी पंप बाजारात आला. १९६९मध्ये श्वासनळ्या मोकळ्या करणारे साल्ब्युटामॉल आले, १९७२मध्ये बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड. मुंबईच्या सिप्लाने १९७६ साली दम्याचे फवारे काढले.

औषधे सुधारत गेली, अडचण मात्र तिथेच राहिली. फवारा सुटतो जोरात, आणि नेमक्या त्याच क्षणी श्वास आत ओढायचा! धाप लागलेल्या आजीला ते जमत नाही, चार वर्षांच्या पोराला तर नाहीच. औषध घशावरच बसते, स्टेरॉइड असेल तर तोंडात बुरशी धरते, आणि घरात ठरते, ‘पंपाचा काही उपयोग नाही.’ स्पेसरच्या पोकळ नळकांड्याने ही कसरतच संपवली. फवारा आधी त्यात थांबतो, रुग्ण सावकाश ओढून घेतो.

पण तो परवडणार कुणाला? १९९९मध्ये केपटाउनच्या डॉ. हेदर झार आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले, की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीला पंपाच्या मापाचे भोक पाडून केलेला स्पेसर दम्याचा झटका आलेल्या मुलांत विकतच्या इतकाच चालतो. थर्माकोलचा पेला मात्र कमी पडला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबसारख्या कापसाच्या तालुक्यात ही गोष्ट फार मोलाची आहे. चुलीत पऱ्हाटी जळते, वेचणीपासून जिनिंगपर्यंत धूळ उडते. रात्री दम वाढला तर यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय वीसेक किलोमीटरवर. औषधाचे तुषार करणाऱ्या नेब्युलायझर यंत्राला वीज लागते, स्पेसरला नाही. आणि जिवावर न बेतलेल्या झटक्यात तो नेब्युलायझरइतकाच उपयोगी पडतो, हे अनेक चाचण्यांतून दिसले आहे. तरीही पंपाच्या चिठ्ठीवर स्पेसर लिहायचा राहतो, ही चूक रुग्णाला महागात पडते.

वापर सोपा आहे. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून एकच फवारा सोडायचा आणि पाच-सहा संथ श्वास घ्यायचे. दुसरा फवारा लागला तर पंप पुन्हा हलवून. लहानग्याला मास्क लावायचा, तो गालाला नीट टेकलेला हवा. स्टेरॉइडनंतर चूळ भरायची. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुचकळून तसाच वाळत ठेवायचा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषध भिंतीलाच चिकटते.