तासाच्या भाड्यानं चूल

स्वयंपाकघरातून बाजारात : लेखांक ६

घरच्या गॅसवर किती माल निघतो, याचा हिशेब मागच्या आठवड्यात मांडला होता. ऑर्डर वाढली की आधी कढई अपुरी पडत नाही, ओटा अपुरा पडतो. तळलेल्या चकल्या निववायला जागा नसते, पिशव्या सील करायचं काम दिवाणावर चालतं आणि घरच्यांची जेवणं लांबतात. अशा वेळी कुणी ऑर्डर नाकारते, कुणी दागिने मोडून गाळा घेते. मला दुसरीची जास्त धास्ती वाटते. धुराडं, पाण्याचा निचरा, थ्री फेज वीज एवढ्यातच भांडवल संपतं आणि विकायचा माल अजून तळायचाच असतो.

यातली मधली वाट म्हणजे सामायिक स्वयंपाकघर. मोठ्या भट्ट्या, ओव्हन, शीतखोली, धुण्याच्या खोल मोऱ्या, सगळं एका छपराखाली; वापरणारे धंदे मात्र वेगवेगळे. भट्टीचं भाडं तासावर आणि सामान ठेवायच्या कपाटाचं महिन्यावर. हल्ली क्लाउड किचन म्हणतात ते हे नव्हे. तिथे बऱ्याचदा एकाच कंपनीचे चार-पाच ब्रँड एका भट्टीवर शिजतात. इथे मालक निरनिराळे, त्यामुळे मोरीवरची भांडणंही ओघानं आलीच.

नवखी माणसं भाड्याच्या दरात नाही, वेळेत फसतात. समजा तासाला ३०० रुपये दर आहे आणि पाळी चार तासांची. १२०० रुपयांत चार तास घाणे काढता येतील असं वाटतं. पण सामान उतरवून तेल तापेपर्यंत अर्धा तास जातो. शेवटी कढया घासून, जमीन पुसून जागा पुढच्याच्या ताब्यात द्यायला पाऊण तास. तळण चालतं पावणेतीन तास, म्हणजे तळणाचा तास ४३६ रुपयांना पडला. म्हणून मुरलेल्या बायका भाजणी घरीच चाळून, मोजून, पुड्या बांधून आणतात. भाड्याच्या वेळात फक्त पीठ भिजवायचं, सोऱ्या चालवायचा आणि तळायचं. (घरच्या त्या कामालाही नोंदणी लागते. त्याकडे येतोच.)

या कल्पनेचं सगळ्यांत बोलकं उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. तिथल्या मिशन भागात २००५ साली ‘ला कोसिना’ ही ना-नफा संस्था सुरू झाली. तेव्हा कॅलिफोर्नियात घरी रांधून विकायला कायद्यात वावच नव्हता. जॅम, पाव अशा फ्रिजबाहेर टिकणाऱ्या पदार्थांना २०१३ पासून सूट मिळाली. घरून गरम जेवण विकू देणारा कायदा लागू झाला तो २०१९ मध्ये, आणि तोही जी काउंटी तो स्वीकारेल तिथेच. देश सोडून आलेल्या, हाताला चव असलेल्या पण हाताशी पैसा नसलेल्या बाईनं करायचं काय? लपूनछपून विकायचं किंवा दुसऱ्याच्या हॉटेलात भांडी घासायची. ‘ला कोसिना’नं अशाच बायकांना निवडून घेतलं. आधी काही महिने पदार्थाची किंमत, परवाना, विमा, विक्री यांची तयारी आणि मग सवलतीच्या दरात भट्टी. रीम अस्सील यांची अरबी बेकरी या वाटेनं उभी राहिली. मूळच्या गुजरातच्या हीना पटेल यांनी २०१८ मध्ये सुरू केलेलं ‘बेशरम’ हे रेस्टॉरंटही याच वाटेचं.

भाडं सवलतीचं म्हटल्यावर उरलेला खर्च देणग्यांतून भागवावा लागतो, हे आपल्याकडचे उत्साही लोक सोयीस्कर विसरतात. याच संस्थेनं २०२१ मध्ये टेंडरलॉइन भागातल्या जुन्या पोस्टाच्या इमारतीत बायकांच्या खाद्यगाळ्यांची बाजारपेठ थाटली. करोनानंतर आसपासच्या कचेऱ्या ओस पडल्या होत्या, दुपारचं गिऱ्हाईकच मिळेना. २०२३ मध्ये ती येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी बंद झाली. उत्तम भट्टी आणि अनुभवी संस्था, दोन्ही हाताशी असूनही गल्ला भरत नाही, असं होऊ शकतं.

आपल्याकडे कायद्याची भिंत तेवढी उंच नाही. उलाढाल लहान असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) साधी नोंदणी घरच्या पत्त्यावरही मिळते. मात्र ही नोंदणी जागेपुरती असते. घरच्या पत्त्याचा क्रमांक लावून भाड्याच्या भट्टीवर तळलं तर ते नियमात बसत नाही. त्या जागेसाठी वेगळी नोंदणी किंवा परवाना लागतो. पहिल्याच भेटीत हा विषय काढावा, कारण काही जागामालक इथेच पुटपुटायला लागतात.

म्हणजे तिकडे बाईला घराबाहेर काढलं ते कायद्यानं. आपल्याकडे तिला बाहेर पडावं लागतं ते यंत्रासाठी. पापडाचं पीठ मळायचं यंत्र, फळांचा गर काढायचं यंत्र, सुकवणी यंत्र, पाकीटबंदीचं यंत्र. यातलं काय सामायिक ठेवायचं आणि काय घरी, हा प्रश्न मुंबईत फार पूर्वी सुटला आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन ‘लिज्जत’ सुरू केलं. पुढे पसारा वाढला तेव्हा पीठ केंद्रावर मळायचं, बायकांनी ते घरी नेऊन लाटायचं आणि सुकलेले पापड केंद्रावर तपासून घ्यायचे, अशी घडी बसली. जिथे चव बिघडू शकते ते काम केंद्रानं आपल्याकडे ठेवलं. वेळखाऊ पण कुठेही करता येईल असं काम घरी गेलं. माझ्या मते ‘ला कोसिना’पेक्षा ही घडी आपल्या बचत गटांच्या जास्त कामाची आहे.

सरकारी पैसाही या बाजूला आहे. २०२० मध्ये आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या पंतप्रधान योजनेत (पीएमएफएमई) एकट्या उद्योजकाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठरलं आणि गटातल्या प्रत्येक सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. फारसं कुणी वाचत नाही अशी अट सामायिक सुविधांच्या कलमात आहे : अनुदानातून उभारलेल्या यंत्रांची बरीचशी क्षमता इतरांनाही भाड्यानं खुली ठेवावी लागते. आपल्या जिल्ह्यात असं केंद्र उभं असेल तर तिथे जाऊन दर विचारायला संकोचू नका.

आता खास आपली अडचण. ज्या कढईत सकाळी बोंबील तळले, तिच्यात दुपारी उपवासाचा चिवडा कोण तळेल? घासून लख्ख केली तरी गिऱ्हाईक मानत नाही, आणि त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यासाठी तर तो जिवाचा प्रश्न होतो. मांसाहारी आणि शाकाहारी पदार्थांना भांडी, भट्टी आणि शीतखोलीतले कप्पे वेगळे हवेत. नुसत्या वेगळ्या पाळ्यांनी भागत नाही. जागा लहान असेल तर एकच बाजू निवडलेली बरी.

दुसरी अडचण दिवाळीची. जागेचा खर्च वर्षभराचा आणि फराळाची झुंबड पंधरा दिवसांची. त्या पंधरवड्यात रात्री दोनची पाळीही कुणी सोडत नाही. आषाढात त्याच भट्टीवर धूळ बसते. चांगला चालक म्हणूनच भाडेकरू निवडताना हंगाम बघतो. उन्हाळ्यात पन्हं, कोकम सरबत आणि कुरडयावाले, श्रावणात उपवासाचे पदार्थ करणाऱ्या, डिसेंबरात केकवाल्या आणि बारा महिने डबे देणारं एखादं तरी घर. जागा बघायला जाल तेव्हा भट्ट्या मोजण्याआधी पाळ्यांची नोंदवही मागा. ऑक्टोबरची पानं भरलेली असणारच, जुलैची उघडून बघा.

(पुढील लेखांक : पाकिटावर काय छापायचं?)