न उडणारे अग्निबाण

दिवाळीत वात पेटली, की बाण सुर्रकन आकाशात जातो. पण तोच बाण जमिनीला पक्का बांधून ठेवला तर? तो नुसताच गरजेल. (तुम्ही मात्र असे कधी करू नका हं!) खरेखुरे, प्रचंड अग्निबाण असे बांधून पेटवण्याची एक जागा ब्रिटनमध्ये होती.

इंग्लंडच्या दक्षिणेला वाईट नावाचे बेट आहे. नाव वाईट, पण बेट मोठे सुंदर! त्याच्या पश्चिम टोकाला खडूचे पांढरेशुभ्र कडे आहेत. तेथील हाय डाउन या कड्यावर १९५६ च्या सुमारास अग्निबाणांचे चाचणी केंद्र उभे राहिले. अग्निबाण याच बेटावरील ईस्ट काउज गावच्या कारखान्यात तयार होत. त्यांचे उड्डाण मात्र दूर ऑस्ट्रेलियातील वूमेरा येथून, ओसाड माळावरून होई. इतक्या लांब नेल्यावर दोष सापडला तर सारे कष्ट वाया जाणार. म्हणून आधी घरीच परीक्षा!

उंच मनोऱ्यात अग्निबाण जखडून त्याचे इंजिन चालू करत. त्यात इंधन होते आपले साधे रॉकेल. पण रॉकेल जळायला हवा लागते. उंच आकाशात ती कोठून आणणार? म्हणून सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड हा द्रव असे. चांदीचा मुलामा दिलेल्या जाळीतून तो गेला, की त्याची तापलेली वाफ आणि ऑक्सिजन होई. त्या ऑक्सिजनमध्ये रॉकेल भडकून जळे. धूर जवळजवळ नसे. गर्जना मात्र कानठळ्या बसवणारी!

येथे तपासलेल्या ‘ब्लॅक नाइट’ अग्निबाणांनी १९५८ ते १९६५ या काळात वूमेराहून बावीस उड्डाणे केली. पुढे उपग्रह सोडण्यासाठी ‘ब्लॅक अ‍ॅरो’, म्हणजे काळा बाण, तयार झाला. तो तेरा मीटर उंच होता. त्याची पहिलीच झेप १९६९ साली फसली. १९७० साली उपग्रह घेऊन निघालेला बाणही कक्षेपर्यंत पोहोचला नाही. अखेर २९ जुलै १९७१ रोजी सरकारने ही योजना बंद करण्याचे जाहीर केले. अमेरिकेचे अग्निबाण वापरणे स्वस्त पडेल, असा हिशेब होता.

पण एक बाण तयारच होता! तो उडवायला परवानगी मिळाली. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी त्याने ६६ किलोग्रॅम वजनाचा ‘प्रॉस्पेरो’ उपग्रह अचूक कक्षेत नेऊन सोडला. ब्रिटनने स्वतःच्या अग्निबाणाने उपग्रह सोडला, तो त्या एकदाच. यश हाती आले, तेव्हा काम आधीच थांबवलेले होते. हाय डाउनचे केंद्रही बंद झाले.

आज त्या कड्यावर काँक्रीटचे ओटे तेवढे उरले आहेत. जवळच्या जुन्या तोफखान्यातील खोल्यांत अग्निबाणांची माहिती मांडली आहे. प्रॉस्पेरोचे संदेश कधीच थांबले. पण तो अजून पृथ्वीभोवती फिरतो आहे. सुमारे पावणेदोन तासांत त्याची एक फेरी होते.