आधी टेप, मग टन

गाडी उचलायची लिफ्ट घरी बसवायची म्हटलं की पहिला प्रश्न टनांचा येतो. तीन टनी घ्यावी की चार टनी? आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी परभणीत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन खांबांची लिफ्ट बसवली. तिची निवड करण्यापासून पहिली गाडी वर जाईपर्यंत मी जमेल तसा त्यांच्यासोबत राहिलो. टनांवर बोलणं झालं ते जेमतेम एका चहापुरतं. बाकी सगळा वेळ टेप, लेव्हलची नळी आणि पहार यांनीच खाल्ला.

"टन सगळेच इचारतात बगा भाऊ," मिस्त्री म्हणाले, "छत किती फुटाचं हाय, ते कोणी सांगत नाही."

मिस्त्रींचं काम घरचंच. गल्लीतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या गाड्या दारात येतात. बोलेरो जास्त, त्याखालोखाल स्विफ्ट आणि अल्टो, अधूनमधून एखादी जुनी स्कॉर्पिओ. आजवरची पद्धत अशी की गाडी जॅकवर उचलायची, खाली घोड्या लावायच्या, पोतं अंथरायचं आणि पाठीवर सरकत आत जायचं. बोलेरोचा गिअरबॉक्स उतरवताना त्याचं वजन छातीच्या बरोबर वर असतं. हे मी जवळून पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी माझाच श्वास अडकला आहे. लिफ्ट ही चैन नाही, हे समजायला तेवढं पुरे.

खड्ड्याचा विचार त्यांनी आधीच सोडून दिला होता. जुन्या गॅरेजांमध्ये अडीच-तीन फूट रुंद आणि माणूस उभा राहील इतका खोल खड्डा असतो. पण आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात त्याच्या भिंतींतून पाणी पाझरतं, आणि भिंती सरकतातही. त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरून खड्ड्यात साठते आणि बल्बच्या एका ठिणगीने पेटू शकते.

तर छत. हा हिशोब मिस्त्रींनी खडूने भिंतीवरच मांडला. बोलेरोची उंची १,८८० मिलिमीटर, म्हणजे साधारण ६ फूट २ इंच. पण लिफ्टचे हात गाडीला चाकाखाली धरत नाहीत, चेसीखाली धरतात. चेसी जमिनीपासून सव्वा-दीड फुटावर. म्हणजे जिथे हात टेकतात तिथपासून टपापर्यंत पावणेपाच-पाच फूट. आता खाली ताठ उभं राहून काम करायचं तर हात सहा फुटांपर्यंत वर जायला हवेत. बेरीज अकरा फुटांच्या आसपास जाते. टपावर कॅरिअर असेल तर आणखी अर्धा-पाऊण फूट. आपल्याकडे घराचा स्लॅब बहुधा दहा फुटांवर असतो आणि त्याखाली बीम उतरलेला असतो.

स्विफ्टचं गणित वेगळं. ती पाच फुटी गाडी, आणि तिला चेसी नसल्यामुळे हात दाराखालच्या पट्टीला लागतात, जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. तिथून टप सव्वाचार-साडेचार फूट. हात साडेपाच फुटांवर नेले तरी दहा फुटांच्या आत बसते. पण बीम कुठे आहे ते पाहावं लागतं, कारण ठेंगण्या लिफ्टचा नुसता खांबच सव्वानऊ-साडेनऊ फुटांचा असतो. तो स्लॅबखाली उभा राहील, बीमखाली राहणार नाही.

म्हणून माझं मत असं झालं आहे की लिफ्ट निवडताना आपली आजची गाडी मोजू नये, दारात येऊ शकणारी सगळ्यांत उंच गाडी मोजावी. मिस्त्रींनी स्कॉर्पिओ धरली. जवळपास साडेसहा फूट.

दोन खांबी लिफ्टमध्येही दोन जाती आहेत. दोन्ही बाजू सारख्या वर जाव्यात म्हणून एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत तारदोर आणि तेलाची नळी न्यावी लागते. ठेंगण्या जातीत हे सगळं जमिनीवरून जातं आणि त्यावर लोखंडी पत्र्याचा उंबरा येतो. उंच जातीत ते डोक्यावरच्या आडव्या दांड्यातून जातं, पण तिला बारा फुटांच्या आसपास उंची लागते. मिस्त्रींच्या शेडला उतार आहे. एका टोकाला पत्रा अकरा फुटांवर, दुसऱ्या टोकाला चौदाच्या जवळ. उंच टोकाकडे उंच जात उभी राहत होती. त्यांनी तीच घेतली, कारण गिअरबॉक्स उतरवून ट्रॉलीवर ठेवला की ती ट्रॉली उंबऱ्यावर अडकते. आडव्या दांड्याखाली एक पट्टी लोंबते. गाडीचा टप तिला लागला की मोटार आपोआप बंद पडते. ही पट्टी नीट चालते का, हे त्यांनी गाडी चढवायच्या आधी हाताने दाबून पाहिलं.

रुंदीचं लवकर सांगतो. लिफ्ट बाहेरून बाहेर अकरा-साडेअकरा फूट भरते. दोन्ही बाजूंनी पान्याला झटका देता येईल एवढी जागा सोडली तर पंधरा फूट हवेत. लांबीत चार मीटरची बोलेरो आणि पुढेमागे तीन-तीन फूट, म्हणजे एकोणीस-वीस फूट.

मग टन आले. चार टनी लिफ्टला चार हात, म्हणजे एका हाताच्या वाट्याला एक टन. बोलेरो दीड-पावणेदोन टनांची, तिला काहीच अडचण नाही. अडचण पिकअपची. रिकामी असेल तर जास्त वजन पुढे इंजिनाकडे. मागे तुरीची पोती भरलेली असतील तर गाडी तीन टनांच्या घरात जाते आणि वजन मागे सरकतं. एकूण चार टनांच्या आत असूनही मागच्या दोन हातांवर एकेक टन चढतो, आणि गाडी मागे कलंडायला पाहते. म्हणून भरलेली पिकअप उचलायची नाही, असं मिस्त्रींनी ठरवून टाकलं. मोठ्या टनांची लिफ्ट घेऊन हा धोका जात नाही.

आता खाली काय आहे ते. परभणीकराला हे वेगळं सांगायला नको. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, हात आत जाईल एवढ्या. कपाशीला ती मानवते, फरशीला नाही. लिफ्टवर गाडी चढली की वजन खांबांच्या आतल्या बाजूला पडतं, त्यामुळे दोन्ही खांब एकमेकांकडे झुकू पाहतात. खांबाच्या तळपट्टीची आतली कड जमिनीत दाबली जाते आणि बाहेरचे बोल्ट वर ओढले जातात. बोलेरोसारख्या गाडीला एका खांबाच्या बाहेरच्या बोल्टांवर मिळून ही ओढ टनाच्या वर जाते. म्हणजे लिफ्टला खरं धरून ठेवतं ते खालचं काँक्रीट. शहाबादी फरशीत किंवा तिच्याखालच्या कोब्यात मारलेला बोल्ट एवढी ओढ सोसत नाही.

मिस्त्रींनी फरशी काढली आणि खोदायला घेतलं. माती संपून मुरूम लागेपर्यंत पहार चालली. काळी माती सगळी बाहेर काढली, मुरूम थराथराने भरला, पाणी मारलं, धुम्मसाने ठोकला. मग दोन्ही खांबांखाली सलग एकच राफ्ट, नऊ इंच जाडीचा, सळईची जाळी वर आणि खाली. दोन वेगळे चौथरे केले असते तर एक फुगला आणि दुसरा बसला, की खांबांची लेव्हल बिघडली असती. काँक्रीटवर गोणपाट टाकून २८ दिवस पाणी मारलं, तोवर खांबांना हात लावला नाही. लिफ्ट शेडमध्ये आडवी पडून होती आणि येणारा जाणारा विचारत होता, अजून का उभी केली नाही. माझ्या मते सगळ्या कामात हाच संयम सर्वांत मोलाचा होता.

घरगुती गॅरेजसाठी आणखी एक गोष्ट तपासावी. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून पुष्कळ घरांत पोर्चखाली हौद असतो. हौदाच्या छतावर लिफ्ट बसवायची नाही, खांब भिंतीवर आला तरी नाही. सेप्टिक टँकचंही तेच.

विजेचं तुलनेने सोपं निघालं. तीन अश्वशक्तीची मोटार सिंगल फेजवरही मिळते. मोटार फक्त वर नेते, खाली येताना गाडीच्या वजनानेच तेल परत जातं. वर काम करताना गाडी तेलावर टांगलेली नसते. दोन्ही खांबांत लोखंडी खटके असतात, त्यांच्यावर ती बसवायची आणि दोन्ही खटक्यांचा आवाज ऐकल्याशिवाय खाली जायचं नाही. वीज गेली तर गाडी हाताने कशी उतरवायची, हे बसवायला आलेल्या फिटरकडून मिस्त्रींच्या मुलाने स्वतः करून शिकून घेतलं.

ज्यांच्याकडे दहा फुटांचा स्लॅबच आहे, त्यांनी मन खट्टू करू नये. कात्रीसारखी उघडणारी, मीटरभर उचलणारी लिफ्ट मिळते. तिच्याखाली ताठ उभं राहता येत नाही, पण ब्रेक, चाकं, पाटे हे सगळं स्टुलावर बसून करता येतं. तिच्या बोल्टांवर तशी ओढही नसते, कारण वजन सरळ खाली जातं. निव्वळ घरच्या दोन गाड्यांसाठी मी तीच सुचवीन.

पहिली गाडी घरचीच चढवली, रिकामी. जमिनीपासून वीतभर उचलून मिस्त्री थांबले, चारी हात पाहिले, बंपर धरून गाडी हलवली, मग पुढे नेली. खाली उतरवल्यावर लगेच बोल्ट पुन्हा आवळले. आता पावसाळा संपल्यावर एकदा आणि मे महिन्याच्या शेवटी एकदा, खांबांना ओळंबा लावून पाहायचं आणि सगळे बोल्ट तपासायचे, असं त्यांनी शेडच्या दाराआड खडूने लिहून ठेवलं आहे.