स्वच्छतागृहाचा हक्क तृतीयपंथीयांनाही

बसस्थानक, तहसील कचेरी किंवा सरकारी दवाखान्यात आलेल्या तृतीयपंथी व्यक्तीसमोर बहुधा ‘पुरुष’ आणि ‘महिला’ असे दोनच दरवाजे असतात. एकीकडे छेडछाडीची धास्ती, दुसरीकडे हाकलून देण्याची. मग पाणी न पिता, लघवी तुंबवून काम उरकावे लागते. यातून मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहांची सोय करण्याचा आदेश दिला. स्वच्छ भारत अभियानाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांना पुरुषांचे किंवा महिलांचे, जे सोयीचे वाटेल ते सार्वजनिक स्वच्छतागृह वापरता येते. तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या संरक्षणासाठी झालेल्या २०१९ च्या कायद्याने त्यांना सार्वजनिक सोयी नाकारण्यास मनाई केली आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. या कायद्याखालील २०२० च्या नियमांत आस्थापनांमधील स्वच्छतागृहांचाही उल्लेख आहे.

सांगलीला तृतीयपंथीयांच्या हक्कांचा विषय नवा नाही. इथली ‘संग्राम’ संस्था १९९० च्या दशकापासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या आणि तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी काम करते आहे.

स्वच्छतागृहाच्या सोयीसाठी दरवेळी नवी इमारत बांधायलाच हवी असे नाही. स्वतंत्र दार, आतून नीट लागणारी कडी, दिवा, पाणी, कचऱ्याची झाकणबंद पेटी आणि बाहेर ‘सर्वांसाठी’ अशी पाटी एवढ्यावर सुरुवात होते. अशा खोलीचा उपयोग आजारी वडिलांना घेऊन आलेल्या लेकीलाही होतो. मात्र खोलीला कुलूप लावून किल्ली शिपायाकडे ठेवली, तर ती सोय राहत नाही. आपल्या कार्यालयात अशी खोली नसेल, तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.