चौदाशे वर्षांचे आयुष्य

जळगावहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर भुसावळ आणि वरणगाव मागे पडले, की मुक्ताईनगर लागते. पूर्वी या गावाला एदलाबाद म्हणत. येथून जवळच तापी आणि पूर्णा या नद्यांचा संगम आहे. संगमाच्या काठी चांगदेव नावाचे गाव असून तेथे चांगदेवांचे पुरातन दगडी मंदिर आहे. चांगदेव हे मोठे योगी होते. त्यांच्याविषयी एक आख्यायिका, म्हणजे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आणलेली कथा, प्रसिद्ध आहे. मृत्यूची घटका जवळ आली, की चांगदेव योगसामर्थ्याने समाधी लावत आणि मृत्यूला हुलकावणी देत. असे करत करत ते चौदाशे वर्षे जगले!

तुम्ही उर्दूत आब-ए-हयातची गोष्ट नक्कीच ऐकली असेल. जो ते पाणी पिईल तो अमर होईल, असा तो झरा. सिकंदर त्याच्या शोधात निघाला. पण त्याच्या हाती घोटभर पाणीही लागले नाही. मराठी कथांमध्ये अशा पेयाला अमृत म्हणतात. भाषा वेगळी, देश वेगळा. पण माणसाची इच्छा एकच. मरण येऊ नये, आणि मरणाआधी येणारे म्हातारपणही येऊ नये.

आज ही इच्छा कथांतून निघून प्रयोगशाळेत पोहोचली आहे. विज्ञान म्हातारपण थांबवील काय? मृत्यू कायमचा टळेल काय? मृत्यूविषयी प्रत्येक धर्माने आपापल्या परीने शिकवण दिली आहे. तो विषय तुम्ही घरी आणि वडीलधाऱ्यांकडून समजून घ्या. येथे आपण एवढेच पाहू, की विज्ञानाने आजवर काय केले, आणि काय केलेले नाही.

प्रथम विज्ञानाने काय केले ते पाहू. मुक्ताईनगरहून बऱ्हाणपूर फारसे दूर नाही. तेही तापीच्याच काठचे शहर. १६३१ साली या शहरात बेगम मुमताज महल यांचे बाळंतपणात निधन झाले. ते त्यांचे चौदावे अपत्य होते, आणि त्यांनी वयाची चाळिशीही गाठलेली नव्हती. बादशहा शाहजहानजवळ काय नव्हते? खजिना होता, फौज होती, नामांकित हकीम होते. त्याने पुढे ताजमहाल उभारला. पण बेगमेचे प्राण मात्र त्याला वाचवता आले नाहीत. आज एखाद्या साध्या मजुराची पत्नीही वेळेवर चांगल्या दवाखान्यात पोहोचली, तर बहुधा सुखरूप घरी परतते. स्वच्छ हात, शिकलेली परिचारिका, रक्तपेढीतील रक्त आणि काही औषधे, एवढ्यांनी हे साधले. बादशहाला जे मिळाले नाही ते मजुराला मिळू शकते, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

आता काही आकडे पाहू. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सुमारे ७० वर्षे आहे. म्हणजे ते दुपटीहून अधिक झाले. पण थांबा, या आकड्याचा चुकीचा अर्थ काढू नका. त्या काळी सगळी माणसे बत्तिसाव्या वर्षी मरत होती, असे मुळीच नाही. समजा, दोन भावांपैकी एक वर्षाचा असतानाच दगावला आणि दुसरा ६९ वर्षे जगला. दोघांची सरासरी किती? ३५ वर्षे! प्रत्यक्षात पस्तिसाव्या वर्षी कोणीच मेले नाही. त्या काळी आजी-आजोबा होतेच. पण पाळण्यातली मुले फार दगावत. आयुर्मान वाढले ते मुख्यतः मुले आणि तरुण वाचू लागले म्हणून.

ती कशी वाचली? १८९६ साली मुंबईत प्लेगची, म्हणजे ताऊनची, साथ आली. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती सर्वांआधी स्वतःलाच टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था आजही त्यांचे नाव सांगते. देवीचा रोग, म्हणजे चेचक, घरोघरी मुले नेत असे किंवा त्यांना आंधळे करत असे. लसीमुळे १९७५ नंतर भारतात तो उरला नाही आणि १९८० साली तो साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत हैजा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि साखर घातलेले पाणी पाजून असंख्य रुग्ण वाचवले. आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून खेड्यातील स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकवले. बाळाला ऊब कशी द्यावी, आईचे दूध कसे पाजावे, न्यूमोनिया कसा ओळखावा, हे त्या शिकल्या. काही वर्षांतच त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले.

यात अमृत कोठे आहे? लस, स्वच्छ पाणी, मीठ-साखर, ऊब आणि शिकवण. या साध्या वस्तूंनी मृत्यूला मागे रेटले. परंतु हे लक्षात ठेवा: मागे रेटला गेला तो अकाली मृत्यू, म्हणजे वेळेआधी येणारा मृत्यू. म्हातारपण मात्र आपल्या जागी कायम आहे.

याचा पुरावा काय? आजवर जिच्या वयाची कागदोपत्री खात्री झाली आहे, अशी सर्वांत दीर्घायुषी व्यक्ती म्हणजे फ्रान्समधील जान कालमाँ ही स्त्री. तिचे १९९७ साली निधन झाले, तेव्हा तिचे वय १२२ वर्षे होते. त्यानंतर औषधशास्त्र कितीतरी पुढे गेले. पण तिचा विक्रम कोणी मोडलेला नाही. बेंजामिन गॉम्पर्ट्‌झ या इंग्रज गणितज्ञाने १८२५ सालीच एक नियम दाखवला होता. माणूस प्रौढ झाला, की मृत्यूची शक्यता ठरावीक वर्षांनी दुप्पट होत जाते. आजच्या हिशोबाने हा काळ साधारण आठ वर्षांचा आहे. म्हणून एखादा रोग पूर्ण बरा झाला, तरी सरासरी आयुष्य थोडेच वाढते. कारण म्हातारे शरीर दुसऱ्या रोगाच्या हाती सापडते.

मग शरीर म्हातारे होतेच का? याचे उत्तर शोधण्यासाठी आपण मुक्ताईनगर-रावेरकडच्या एखाद्या केळीच्या बागेत जाऊ. केळीचे झाड एकदाच घड देते. घड कापला, की ते झाड संपले. पण त्याच्या बुंध्याशी तोवर पिले फुटलेली असतात. त्यांतील एखादे राखले, की तेच पुढचे पीक देते. शेतकरी त्याला पिलबाग म्हणतात. केळीने आपली शक्ती घडात आणि पिलांत घातली. जुने खोड सांभाळण्यासाठी काही राखून ठेवले नाही. बहुतेक प्राण्यांचेही काहीसे असेच आहे. पिल्ले जन्माला येऊन मोठी होईपर्यंत शरीर धडधाकट राहावे, याची निसर्गाने सोय केली आहे. त्यानंतर शरीराची दुरुस्ती हळूहळू कमी पडू लागते.

ही दुरुस्ती पेशींमध्ये चालते. आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशींचे विभाजन होऊन नव्या पेशी तयार होतात. १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक या शास्त्रज्ञांनी दाखवले, की माणसाच्या सामान्य पेशी साधारण पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. असे का होते? धुळे किंवा मालेगावच्या मागावर विणलेले कापड तुम्ही पाहिले असेल. त्याचा काठ मजबूत असेल, तोवर धागे सुटत नाहीत. काठ झिजला, की कापड उसवू लागते. पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांनाही असेच संरक्षक काठ असतात. त्यांना टेलोमिअर म्हणतात. दर विभाजनाला ते थोडे थोडे झिजतात. टेलोमिअर आणि त्यांना पुन्हा लांब करणारा पदार्थ यांच्या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तुम्ही म्हणाल, ‘मग तो पदार्थ सगळ्या पेशींना द्या, म्हणजे झाले!’ पण येथेच खरी अडचण आहे. मरण्यास नकार देणाऱ्या पेशी आपल्या शरीरात कधी कधी निर्माण होतात. त्यांनाच आपण कर्करोग, म्हणजे कॅन्सर म्हणतो. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या महिलेचा कर्करोगाने मृत्यू झाला. तिच्या गाठीतून काढलेल्या पेशी जगभरातील प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत. पेशी अमर झाल्या. ती बिचारी मात्र एकतिसाव्या वर्षी गेली. उलट, आईच्या पोटात असताना आपल्या बोटांमधील पेशी वेळेवर मेल्या, म्हणून तर आपली बोटे सुटी झाली. पेशींचे मरणे हा जगण्याचाच एक भाग आहे.

तरीही शास्त्रज्ञ हात बांधून बसलेले नाहीत. १९३५ साली क्लाइव्ह मॅके यांनी दाखवले, की पोषण पुरेसे पण एकूण आहार कमी ठेवलेले उंदीर अधिक जगतात. १९९३ साली सिंथिया केन्यन यांनी जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीमध्ये एकच जनुक बदलून त्याचे आयुष्य दुप्पट केले. २००६ साली जपानचे शिन्या यामानाका यांनी प्रौढ पेशींना पुन्हा अगदी कोवळ्या अवस्थेत नेऊन दाखवले; त्यांना २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे म्हातारपण हा दगडावरचा लेख नाही, त्याचा वेग बदलता येतो, हे प्राण्यांमध्ये सिद्ध झाले आहे.

पण कृमी म्हणजे माणूस नव्हे. काही आठवडे जगणाऱ्या जिवाचे आयुष्य दुप्पट करणे वेगळे आणि सत्तर वर्षे जगणाऱ्या माणसाचे दुप्पट करणे वेगळे. माणसाचे म्हातारपण थांबवणारे कोणतेही औषध अजून सिद्ध झालेले नाही. ‘पुन्हा तरुण व्हा’ अशी जाहिरात करून कोणी गोळ्या किंवा चूर्ण विकत असेल, तर त्याला विचारा, ‘हे किती माणसांना दिले? किती वर्षे पाहिले? कोणी तपासले?’ आणि उंदरांचे ऐकून तुम्ही आपले जेवण कमी करू नका. तुमचे वय वाढीचे आहे.

उद्या खरोखरच असे औषध निघाले, तर? ते कोणाला मिळेल? सातपुड्यातील पाड्यावरच्या आईला अजून वेळेवर दवाखाना मिळणे कठीण जाते. तिचे बाळ वाचवण्याची विद्या आपल्याजवळ आहे. ती तिच्या दारापर्यंत पोहोचलेली नाही. श्रीमंतांनी दोनशे वर्षे जगावे आणि गरिबाच्या बाळाने पहिला वाढदिवसही पाहू नये, याला प्रगती म्हणता येईल काय? आणि कोणी गेलेच नाही, तर नव्याने येणाऱ्यांना जागा, काम आणि अधिकार कोण देणार? म्हणून अनेक शास्त्रज्ञ अमरपणाऐवजी दुसरे ध्येय मानतात: जितके आयुष्य मिळेल, तितके धडधाकट जगता यावे. अंथरुणावरची वर्षे कमी व्हावीत.

चांगदेवांच्या आख्यायिकेचा उरलेला भाग आता ऐका. संत ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून चांगदेवांनी त्यांना पत्र लिहायला घेतले. पण मायना काय लिहावा? वयाने ज्ञानेश्वर लहान, ज्ञानाने मोठे. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. तो पाहून ज्ञानेश्वरांची धाकटी बहीण मुक्ताबाई म्हणाल्या, की चौदाशे वर्षे जगूनही चांगदेव कोरेच राहिले. ज्ञानेश्वरांनी उत्तरादाखल पासष्ट ओव्या लिहिल्या. तीच ‘चांगदेव पासष्टी’. पुढे चांगदेवांनी या लहान मुलीला गुरू मानले. मुक्ताबाईंचे आयुष्य जेमतेम अठरा वर्षांचे. १२९७ साली मुक्ताईनगरच्या परिसरातच त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. गावाला आज नाव आहे ते त्यांचे. विज्ञान आपल्याला अधिक लांब कागद देऊ शकेल. पण त्यावर काय लिहायचे, ते सांगणार नाही.

आता एक काम करा. आज घरी गेल्यावर आपल्या दादीला किंवा नानीला विचारा, ‘तुम्ही किती भावंडे होता? त्यांपैकी किती लहानपणीच गेली? त्यांना काय झाले होते?’ त्यांची उत्तरे वहीत लिहून काढा. मग तुमच्या घरातील सर्वांत लहान मुलाचे लसीकरणाचे कार्ड पाहा. एखादी लस द्यायची राहून गेली असेल, तर घरच्यांना तारीख दाखवा आणि त्याला दवाखान्यात घेऊन जायला सांगा.