परीक्षेच्या दिवशीची हवा

पेपर बिघडला की घरात दोनच कारणं निघतात: अभ्यास कमी पडला, नाहीतर नशीब आड आलं. पहिल्यासाठी बोलणी खावी लागतात, दुसऱ्याला कुणी माप लावत नाही. एबेनस्टाइन, लावी आणि रॉथ या तीन अर्थशास्त्रज्ञांनी ते लावलं. 2016 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

ठिकाण इस्राएल. तिथे शालान्त ‘बाग्रुत’ परीक्षेच्या गुणांवर विद्यापीठाचे दरवाजे उघडतात. विषय अनेक, पेपरांचे दिवस वेगवेगळे. मधूनच वाळवंटातून धुळीचं वादळ येतं आणि हवेतले अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे पीएम 2.5, एकदम वाढतात. हे कण थेट फुफ्फुसात खोलवर जातात. संशोधकांनी 2000 ते 2002 या काळातले गुण आणि पेपरच्या दिवशीची हवा शेजारी-शेजारी ठेवली.

खरी हुशारी तुलनेत आहे. दोन वस्त्यांतली मुलं घेतली असती, तर हवेबरोबर घर, शाळा, शिकवणी सगळंच बदललं असतं. म्हणून त्यांनी विद्यार्थ्याची त्याच्याशीच तुलना केली: समजा, सोमवारचा पेपर स्वच्छ हवेत, गुरुवारचा धुळीत. धुळीच्या दिवशी गुण घसरले. मुलींपेक्षा मुलग्यांचे जास्त, आणि गरीब घरांतल्यांचेही जास्त.

इथवर कुणी फारसं दचकणार नाही. पण याच मुलांचं पुढचं शिक्षण आणि 2010 मधली कमाईही तपासली गेली. परीक्षांच्या दिवसांत सरासरी पीएम 2.5 दहा एककांनी जास्त असेल, तर पुढचं शिक्षण थोडं कमी आणि पगार महिन्याला सुमारे 30 डॉलरनी कमी! धूळ दोन-चार दिवसांत खाली बसली होती, मुलांची बुद्धी होती तेवढीच होती. गुणपत्रिकेवरचा आकडा तेवढा राहिला, आणि प्रवेश देणाऱ्याने तोच पाहिला.

हवा कुणाच्या हातात नाही, वेळापत्रक असतं. आपल्याकडे अभियांत्रिकीची जेईई मेन 2019 पासून वर्षातून किमान दोनदा होते आणि त्यांतला सर्वांत चांगला निकाल धरला जातो. उपाय साधा आहे, आणि माझ्या मते योग्यही. वैद्यकीयची नीट मात्र 2025 मध्येही एकदाच झाली: 4 मे, रविवार, ऐन उन्हात दुपारी 2 ते 5. नोंदणी वीस लाखांहून अधिक मुलांची होती.