मुक्तस्रोताचा परिचय : लेखांक ५ – पहिली दुरुस्ती

मागील लेखांकात लिनक्सच्या कर्नेलची अंतर्रचना पाहिली. आता त्यात स्वतःची एखादी ओळ रुजू करू इच्छिणाऱ्या नवागताने आरंभ कोठून करावा, हे पाहू. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकत असलेल्या लिनस टोरव्हाल्ड्स याने हौसेखातर आरंभिलेल्या या उद्योगाचा पसारा आज कोट्यवधी ओळींचा झाला असला, तरी त्याचा कारभार कोणा एका कचेरीतून चालत नाही. विभागाविभागाला मुखत्यार असतात, आणि कोणती फाईल कोणाच्या अखत्यारीत येते याचा तपशील ‘मेंटेनर्स’ नावाच्या फायलीत कर्नेलसमवेतच मिळतो.

पहिली दुरुस्ती लहान असावी. अद्याप पुरती घडण न झालेले ड्रायव्हर ‘स्टेजिंग’ या विभागात ठेवलेले असतात. तेथे ‘चेकपॅच’ हा प्रोग्राम चालवून त्याने दाखविलेला मांडणीचा एखादा दोष दूर करणे हा नवागतांचा रूढ शिरस्ता आहे. हाच उद्योग स्थिरावलेल्या विभागांत केल्यास मुखत्यार वैतागतात, आणि माझ्या मते ते रास्तच आहे; कारण केवळ मोकळ्या जागा सारख्या करण्यासाठी ओळी बदलल्या, की कोणती ओळ कोणी व कोणत्या हेतूने लिहिली याचा माग काढणे विनाकारण दुष्कर होते.

खरी परीक्षा होते ती दुरुस्तीला जोडावयाच्या निवेदनात. काय बदलले हे ओळी स्वतःच सांगतात. पूर्वी काय बिघडत होते, त्याचा उपसर्ग वापरणाऱ्याला कसा पोहोचत होता आणि हाच उपाय का योजला, हे मात्र लिहिणाऱ्यावाचून कोणी सांगू शकत नाही, आणि दहा वर्षांनी तीच ओळ उकलू पाहणाऱ्या अनोळखी माणसाला तेवढाच आधार उरतो. निवेदनाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी सहीची ओळ लागते. आयबीएमवर एससीओ कंपनीने २००३ साली दावा लावल्यानंतर, कोणती ओळ कोणाकडून आली याचा दाखला असावा म्हणून २००४ पासून ही प्रथा पडली. हे लेखन मुक्त परवान्याखाली देण्याचा मला अधिकार आहे, अशी ती हमी होय. पुण्या-बंगळुरात नोकरी करणाऱ्या वाचकांनी सही करण्यापूर्वी आपला करारनामा अवश्य चाळावा, कारण कित्येक करारांत रिकाम्या वेळातील लेखनावरही मालकाचा हक्क नमूद असतो.

दुरुस्ती आजही साध्या मजकुराच्या ई-मेलनेच, जोडपत्राविना पाठवावी लागते. आक्षेप आले, तर प्रत्येकाखाली त्याचे उत्तर लिहावे, आणि सुधारलेला मसुदा ‘व्ही २’ अशी खूण करून, पूर्वीच्यापेक्षा त्यात काय बदलले ते नोंदवून, पुन्हा धाडावा. उत्तरच न आले, तर निदान आठवडाभर थांबून नम्रपणे स्मरण द्यावे. मात्र नवी आवृत्ती निघाल्यानंतरच्या दोन आठवड्यांत, विभागोविभागीचे संचित टोरव्हाल्ड्सकडे रवाना करण्याची धांदल चाललेली असताना, नव्या अर्जांकडे पाहावयास मुखत्यारांना सवड नसते, हे ध्यानात ठेवावे.